मराठवाड्यातले स्टुडिओ, क्रॅक आणि लिनक्स: पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. नांदेड, परभणी, लातूरच्या छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये ही बातमी जरा उशिरा पोचली, पण पोचली. तिथले बरेचसे पीसी सेकंडहँड किंवा असेम्बल केलेले, इंटेलच्या चौथ्या-सहाव्या पिढीतले. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे गाणी नीट रेकॉर्ड करणारं मशीन कागदोपत्री भंगार. सुरक्षेचे अपडेट त्या तारखेनंतर वर्षभर मिळण्याची सोय दिली, पण तेवढीच. त्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा निघाला आहे: क्युबेस, एफएल स्टुडिओ, प्रो टूल्स ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या लिनक्स या मुक्त, फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ती का काढत नाहीत?

कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं की तिकडे गिऱ्हाईकच नाही. हे उत्तर अगदीच खोटं नाही. पण कुठल्या सिस्टिमवर गिऱ्हाईक असणार, हे या धंद्यात बऱ्याचदा कंपन्यांनीच ठरवलेलं आहे, आणि ते मागची चाळीसेक वर्षं पाहिली की दिसतं.

१९८५ साली अटारी एसटी हा कॉम्प्युटर आला. त्याला मिडीचे, म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर जोडायचे, पोर्ट कारखान्यातूनच बसवलेले होते, वाजवायच्या कीबोर्डची वायर थेट मशीनमध्ये लावता यायची. म्हणून स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीचं क्युबेस १९८९ मध्ये आधी अटारीवर आलं, मॅक आणि विंडोजचा नंबर नंतर लागला. नव्वदच्या दशकात अटारीने कॉम्प्युटरचा धंदा गुंडाळला आणि वादकांना सगळा संसार उचलून दुसरीकडे जावं लागलं. त्याच अटारीच्या जमान्यातल्या नोटेटर या सॉफ्टवेअरमधून पुढे ईमॅजिक कंपनीचं लॉजिक तयार झालं. ते विंडोजवरही चालायचं. जुलै २००२ मध्ये ॲपलने ईमॅजिक विकत घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली. पैसे मोजून ती घेतलेल्यांपुढे दोनच वाटा उरल्या: मॅक घ्या, नाहीतर दुसरं सॉफ्टवेअर शोधा. इथे गिऱ्हाईक नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही.

मधल्या काळात एक सिस्टिम खास आवाज आणि चित्रासाठीच म्हणून आली, बीओएस. ॲपलमधून बाहेर पडलेले ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये तिची कंपनी काढली होती. रेडार २४ हा स्टुडिओतला २४ ट्रॅकचा हार्डडिस्क रेकॉर्डर तिच्यावर चालायचा. तांत्रिकदृष्ट्या ती तेव्हाच्या विंडोजपेक्षा सरस होती. २००१ मध्ये कंपनीची मालमत्ता पामने घेतली आणि विषय संपला. तिच्या धर्तीवरची हायकू ही मुक्त सिस्टिम आजही तयार होते आहे, पण स्टुडिओत ती सापडणार नाही. नव्या सिस्टिमचं नाव काढलं की ऑडिओ कंपन्या हात आखडता घेतात, त्यामागे असे पोळलेले अनुभवही आहेत. हे मान्य करायला हवं.

पण विंडोज तरी या कामासाठी कुठे तयार होतं? गाणं रेकॉर्ड करताना आवाज माइकमधून आत जातो, कॉम्प्युटर तो तुकड्यातुकड्याने हाताळतो आणि हेडफोनमधून परत देतो. एका तुकड्यात किती सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या क्षणाक्षणाच्या नोंदी, घ्यायचे ते ठरवतो तो बफर. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या हिशेबाने १२८ चा बफर म्हणजे साधारण २.९ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. जाताना एकदा आणि येताना एकदा, असा हा उशीर दोनदा लागतो. हलगीवाल्याला पहिला आकडा जाणवत नाही. दुसऱ्याला त्याचा हात अडखळतो, टिपरी पडते एकीकडे आणि कानात थाप येते नंतर. मग तो हेडफोनची एक बाजू काढून वाजवतो आणि माइकमध्ये क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, शिरतो. विंडोजच्या नेहमीच्या मार्गाने हा उशीर याहून कितीतरी जास्त व्हायचा. स्टाइनबर्गने १९९७ मध्ये एएसआयओ आणलं, म्हणजे विंडोजचा तो मार्ग टाळून साउंड कार्डाशी थेट बोलण्याची पद्धत. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी व्हीएसटी हा प्लगइनचा, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचा, साचा काढला होता. थोडक्यात, विंडोज या कामाला कमी पडत होतं तेव्हा कंपनीने स्वतः घाम गाळून ती उणीव भरून काढली. लिनक्सच्या वेळी मात्र, आधी तुमचं घर नीट करा मग आम्ही येतो, असा सूर राहिला.

घर नीट नव्हतं, हेही खरं. सुरुवातीला लिनक्सवर आवाजासाठी ओएसएस नावाची व्यवस्था होती. मग यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ च्या सुमारास अल्सा ही दुसरी व्यवस्था सुरू केली, ती पुढे कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात गेली. पण एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात कसा न्यायचा, हा प्रश्न उरलाच. ॲमेझॉनच्या अगदी पहिल्या प्रोग्रामरांपैकी एक असलेले पॉल डेव्हिस यांनी तिथून बाहेर पडल्यावर आर्डर हे रेकॉर्डिंगचं मुक्त सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, आणि त्याच्या गरजेतून जॅक ही आवाज इकडून तिकडे नेणारी व्यवस्था उभी राहिली. जॅक स्टुडिओसाठी उत्तम, पण त्याच मशीनवर ब्राउझरचा आवाज चालवायचा तो पल्सऑडिओ, आणि या दोघांचं जमायचं नाही. २००७ पासून मिळणारं उबुंटू स्टुडिओ, म्हणजे अशा कामासाठीचं तयार लिनक्स, हौसेने टाकून बघितलेले लोक आपल्याकडेही आहेत. त्यातल्या पुष्कळांनी संध्याकाळपर्यंत फॉरमॅट मारून विंडोज परत टाकलं, ते या भांडणामुळेच.

हे भांडण मिटवलं विम टायमन्स यांच्या पाइपवायरने. दोघांचंही काम एकच व्यवस्था करते. २०२१ मध्ये फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराने ती पहिल्यापासून चालू ठेवली, २०२३ च्या नोव्हेंबरात तिची १.० आवृत्ती आली. दुसरीकडे, ठरलेलं काम ठरलेल्या क्षणी झालंच पाहिजे यासाठीचे रिअलटाइम बदल अनेक वर्षं कर्नेलच्या बाहेर पॅच म्हणून फिरत होते. त्यांचा उरलेला भाग २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत मुख्य कर्नेलमध्ये सामावला. २०१० साली 'लिनक्सवर ऑडिओचा ठिकाणा नाही' हे वाक्य बऱ्यापैकी बरोबर होतं. आज तेच कोणी म्हणत असेल तर त्याची माहिती शिळी आहे.

बर्लिनच्या बिटविग या ऑडिओ कंपनीने तर पाइपवायरची वाटही पाहिली नाही. मार्च २०१४ मध्ये त्यांचं बिटविग स्टुडिओ १.० हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्हींवर एकदमच आलं. स्टुडिओतले मिक्सिंग कन्सोल बनवणाऱ्या हॅरिसनने आर्डरच्याच पायावर मिक्सबस हे सॉफ्टवेअर काढलं. रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरही लिनक्सवर मिळतं आणि छोट्या धंद्यासाठी त्याचा परवाना ६० डॉलरचा आहे. २०२३ मध्ये प्रीसोनसने आपल्या स्टुडिओ वन ६.५ या सॉफ्टवेअरबरोबर लिनक्सची बीटा आवृत्ती दिली. माइक कॉम्प्युटरला जोडायची फोकसराइटची स्कार्लेट ही पेटी आपल्याकडे घरोघरी दिसते. तिचं मिक्सर वगैरे चालवणारा लिनक्स ड्रायव्हर मात्र एका स्वतंत्र प्रोग्रामरने लिहिलेला आहे. एफएल स्टुडिओने साधं मॅकवर यायलाच २०१८ उजाडवलं, तेव्हा त्यांच्याकडून घाईची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

आता मराठवाड्याचं. इथल्या छोट्या स्टुडिओचं वर्ष सणावारांनी चालतं. एप्रिलच्या आधी भीमगीतं, आषाढीच्या आधी विठ्ठलाची गाणी, मग गणपती, नवरात्र. मधे निवडणूक लागली की रिक्षावर लावायच्या प्रचाराच्या क्लिपा, आणि त्यांचे पैसे सगळ्यांत रोख. कॅसेटचा धंदा बसल्यावर हे काम कॉम्प्युटरवर आलं आणि सॉफ्टवेअर आलं ते पेनड्राइव्हवरून, क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं. क्युबेस ५ कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं तसंच चाललं. गाणाऱ्याकडून एका गाण्याचे जे पैसे मिळतात त्यात युरोपातल्या किमतीचा परवाना बसत नव्हता, आणि हप्त्याने घेण्याची सोय तेव्हा नव्हतीच म्हणा ना.

या क्रॅकचा एक परिणाम सहसा कोणी मोजत नाही. क्रॅक वापरणारा स्टुडिओ कंपनीच्या विक्रीच्या आकड्यात विंडोजचा गिऱ्हाईक म्हणूनही दिसत नाही. म्हणजे लिनक्सवर आमचं गिऱ्हाईक शून्य असं कंपनी म्हणते, तेव्हा बीड किंवा हिंगोलीच्या बाबतीत विंडोजचा आकडाही जवळपास तोच असणार. उलट फुकटात विंडोज आणि फुकटात क्युबेस मिळत असताना लिनक्सची गरज कोणाला वाटणार होती? मुक्त सॉफ्टवेअरची इथली जागा खाल्ली ती विकतच्या सॉफ्टवेअरने नव्हे, त्याच्या चोरीच्या प्रतीने. माझ्या मते कंपन्यांनाही हे मनातून चालत होतं, कारण हात बसला की माणूस पुढे कधीतरी विकत घेतो.

हात बसण्याची सुरुवात त्याही आधीची. या शतकाच्या सुरुवातीपासून जिल्ह्या-तालुक्यात एमएस-सीआयटीचे क्लास निघाले. त्यात कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि ऑफिस. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागायचं, म्हणून सगळ्यांनी ते केलं. केरळने शाळांमधून लिनक्स शिकवलं, तिथल्या पोरांनी ऑडॅसिटी हे आवाजाचं मुक्त सॉफ्टवेअर शाळेतच उघडून पाहिलं. हा फरक एका पिढीने पडतो.

कम्युनिटी रेडिओचं चित्र थोडं वेगळं. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना केंद्र काढायची परवानगी मिळाली. ग्रामवाणी या दिल्लीच्या कंपनीने अशा केंद्रांसाठी ग्रिन्स नावाची प्रणाली केली, ती उबुंटूवर चालणारी. रेकॉर्डिंग, कार्यक्रमांची मांडणी, श्रोत्यांचे फोन, सगळं त्यात. लिनक्सवर आवाजाचं रोजचं काम भारतात झालेलं आहे, फक्त ते गाण्याच्या स्टुडिओपर्यंत आलं नाही.

सध्या अडतंय ते मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे तबला-ढोलकीची बरीच तयार सॅम्पल (इथे अर्थ वाद्याचे आधीच रेकॉर्ड केलेले आवाज) काँटॅक्ट या ती वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साच्यात येतात आणि काँटॅक्ट लिनक्सवर नाही. वाइन आणि याब्रिज ही साधनं वापरून विंडोजचे प्लगइन लिनक्सवर चालवता येतात, पण उद्या अपडेटनंतर चालतील याची हमी कोणी देत नाही. दुसरं म्हणजे कॉपी रोखणारी कुलपं. त्यातल्या आयलॉक या कुलपाला लिनक्स चालत नाही, त्यामुळे त्यावर अवलंबून असलेले प्लगइन आपोआप बाहेर. गंमत अशी की क्रॅकवाल्याला हे कुलूप कधी आडवं येतच नाही, अडतो तो पैसे भरणारा.

परवान्याची एक गाठ मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये सुटली. स्टाइनबर्गने व्हीएसटी ३ चा विकाससंच (प्लगइन लिहायला लागणाऱ्या फायली) एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली खुला केला आणि एएसआयओसाठीही जीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय दिला. पूर्वी व्हीएसटी २ च्या अटींमुळे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना त्याच्या फायली सोबत देता येत नव्हत्या, त्यांना तो साचा बाहेरून चाचपून पुन्हा लिहावा लागला होता. आता प्लगइन बनवणाऱ्याला ते कारण सांगता येणार नाही. मात्र स्टाइनबर्गचं स्वतःचं क्युबेस अजून विंडोज आणि मॅकवरच आहे.

परभणीतल्या माझ्या ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याने यावर आपला तोडगा काढला. जुन्या पीसीची नेटची वायर काढून टाकली, त्यावर विंडोज १० आणि आजवरची गाणी तशीच ठेवली. दुसऱ्या सेकंडहँड मशीनवर उबुंटू स्टुडिओ आणि रीपर टाकलं, परवान्यासह. कीर्तनं, मुलाखती, प्रचाराच्या क्लिपा त्यावर होतात. ढोलकीची सॅम्पल लागली की तो ट्रॅक जुन्या मशीनवर वेव्ह फाइल म्हणून काढतो आणि पेनड्राइव्हने इकडे आणतो.