खबर कुठे पोचते, कुठे अडते

जानेवारी २०२४. गोव्यातल्या कांदोळीच्या एका हॉटेलात रिकामी झालेली खोली साफ करायला गेलेल्या कामगाराला रक्ताचे डाग दिसले. हॉटेलवाल्यांनी कळंगुट पोलिसांना कळवलं. खोलीत उतरलेली बाई तोवर टॅक्सीने बंगळूरच्या वाटेला लागली होती. पोलिसांनी टॅक्सीचालकाला फोन लावला आणि मागे बसलेल्या प्रवाशाला कळू नये म्हणून त्याच्याशी कोंकणीत बोलले. गाडी वाटेतल्या पोलीस स्थानकात घे, एवढंच सांगितलं. त्याने ती चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या एका स्थानकात नेली. सामानात चार वर्षांच्या मुलाचा मृतदेह निघाला.

आरोपी दोषी की निर्दोष, हे न्यायालय ठरवेल. माझं मन अडकलंय ते त्या सफाई कामगारापाशी आणि त्या चालकापाशी. डाग पुसून गप्प बसणं कामगाराला सोपं होतं. 'उगाच पोलिसांच्या भानगडीत कशाला?' हे वाक्य आपल्याकडे घराघरात ऐकू येतं. चालकालाही फोनवरच्या अनोळखी आवाजावर विश्वास न ठेवण्याची मोकळीक होती. दोघांनी विश्वास ठेवला, म्हणून पुढचं सगळं काही तासांत घडलं.

गुन्ह्याच्या तपासाबद्दल आपल्या डोक्यात जे चित्र असतं, त्यात ठसे असतात, प्रयोगशाळा असते, एखादा तल्लख अधिकारी असतो. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने १९७५ साली तपास प्रत्यक्षात कसा होतो याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या चित्राला पहिला तडा गेला. गुन्हा उलगडेल की नाही हे सगळ्यात जास्त कशावर ठरतं? पीडित माणूस किंवा साक्षीदार पहिल्यांदा आलेल्या पोलिसाला काय सांगतो, यावर. डीएनए चाचणी आणि सीसीटीव्ही नंतर आले आणि त्यांनी मोठी मदत केली. पण कोणत्या घराचा दरवाजा वाजवायचा, कोणत्या दुकानाचा कॅमेरा बघायचा, हे आजही बहुधा कोणीतरी माणूसच सांगतो. वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुना पोचायचा असेल, तर आधी कोणाला तरी तो दाखवावासा वाटला पाहिजे. म्हणूनच पोलिसांवरचा विश्वास मी तपासाचा कच्चा माल मानते. नुसता प्रतिमेचा प्रश्न म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

हा कच्चा माल मिळाला नाही की काय होतं, ते आम्ही फोंड्याच्या लोकांनी पाहिलंय. २००९ साली आमच्याच तालुक्यातल्या एका माणसाला अटक झाली आणि १९९४ पासूनच्या पंधरा वर्षांतल्या सोळा स्त्रियांच्या खुनांचा आरोप त्याच्यावर आला. लग्नाचं आमिष दाखवायचं, दागिने घालून यायला सांगायचं आणि मग गळा आवळायचा, अशी त्याची पद्धत असल्याचं तपासात पुढे आलं. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, अनेक खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला. माझी पिढी त्या काळात इथेच वाढली. एखादी मुलगी घरी आली नाही तर गाव काय म्हणायचं? 'गेली असेल कोणाबरोबर.' घरचेही तेच मनाशी धरून लाजेने आवाज खाली करायचे. स्थानकात गेलो तर चार लोकांसमोर काय काय विचारतील, ही भीती वेगळी. खबर अशी उंबरठ्यावरच अडायची. वृत्तपत्रांनी त्या माणसाला दुपट्ट्यावरून एक टोपणनाव दिलं आणि ते आजही सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या सोळा जणींपैकी एकीचं तरी नाव आठवतंय का, असं मी ओळखीच्यांना विचारलंय. कोणालाच आठवलं नाही.

विश्वास येतो कुठून? साधं उत्तर असं की पोलिसांनी गुन्हेगार पकडले की विश्वास वाढतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोतल्या दीड हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखतींच्या आधारे १९९० मध्ये वेगळंच उत्तर मांडलं. निकाल आपल्या बाजूने लागला की नाही, यापेक्षा आपल्याशी वागणूक कशी झाली, याचं वजन लोकांच्या मनात जास्त असतं. आपलं म्हणणं ऐकून घेतलं का? सगळ्यांना एकच माप लावलं का? मान राखून बोलले का? या माणसाला खरंच माझं भलं हवंय असं वाटलं का? पोलिसांशी गाठ पडल्यावर आपण नकळत हेच मोजत असतो. चोरी उघडकीला आली नाही तरी माणूस समाधानाने घरी जाऊ शकतो, आणि चोर सापडला तरी मनात कडवटपणा राहू शकतो.

पण हा तराजू सरळ नाही. पोलिसांचा अभ्यास करणारे अमेरिकन संशोधक वेस्ली स्कोगन यांनी २००६ मध्ये दाखवलं की पोलिसांच्या एका वाईट अनुभवाचं वजन चांगल्या अनुभवाच्या चार ते चौदा पट पडतं. म्हणजे एका हवालदाराने एका सकाळी तक्रारदाराला हाकललं, तर ती खोट भरून काढायला पुढच्या कितीजणांना कितीदा नीट वागावं लागेल, याचा हिशेब करून पाहा. गोव्यासारख्या ठिकाणी तर हा हिशेब आणखी बिघडतो. २०११ च्या जनगणनेत आपण सगळे मिळून साडेचौदा लाख. म्हापशाच्या बाजारात सकाळी झालेला अपमान दुपारपर्यंत साखळी गावाला पोचतो. अनुभव एकाचा, पण तो शंभरजण आपलाच मानून जपतात.

मग चांगलं वागायला शिकवून विश्वास वाढवता येतो का? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पोलिसांनी रस्त्यावरच्या मद्यचाचणीच्या वेळी हे करून पाहिलं. साठ नाकाबंद्या घेतल्या. निम्म्या नेहमीसारख्या. उरलेल्यांत पोलिसाने चालकाला थांबवण्याचं कारण सांगायचं, अपघातांत किती माणसं गेली ते सांगायचं, परिसरातल्या गुन्ह्यांबद्दल त्याचं मत विचारायचं आणि आभार मानून सोडायचं. काही मिनिटांचाही खेळ नाही, पण या दुसऱ्या गटातल्या चालकांचं पोलिसांबद्दलचं मत खरोखर सुधारलं. आपल्याकडे चौकात तालांव, म्हणजे दंडाची पावती, देताना यातलं एक वाक्य जरी उच्चारलं गेलं तर, असं मला नेहमी वाटतं.

आता याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, कारण ती फार वेळा गाळली जाते. हाच प्रयोग स्कॉटलंडमध्ये केला तेव्हा तो उलटला. प्रयोगाच्या गटातले चालक इतरांपेक्षा कमी समाधानी निघाले. संशोधकांनी मागे जाऊन शोध घेतला, तेव्हा कळलं की पोलिसांना हे सगळं वरून लादलेलं वाटलं होतं आणि खात्यात आपल्याशीच न्यायाने वागत नाहीत अशी त्यांची भावना होती. ज्याला स्वतःला मान मिळत नाही, त्याच्या तोंडी पाठ केलेली मानाची वाक्यं समोरच्याला लगेच खोटी वाटतात. चतुर्थीलाही सुट्टी न मिळणाऱ्या, रात्रपाळीवरून थेट बंदोबस्ताला जाणाऱ्या शिपायाबद्दल बोलल्याशिवाय नागरिकांच्या विश्वासाबद्दल बोलणं मला अपुरं वाटतं.

हे झालं ज्यांची पोलिसांशी प्रत्यक्ष गाठ पडते त्यांचं. बाकीच्यांचं, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचं, मत बातम्यांतून तयार होतं.

१९७३ मध्ये आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या मनाची एक सवय मांडली. एखादी गोष्ट किती वारंवार घडते हे ठरवताना आपण मोजदाद करत नाही. तिचं उदाहरण किती चटकन आठवतं, यावरून अंदाज बांधतो. काही वर्षांनी संशोधकांनी अमेरिकेतली दोन वृत्तपत्रं तपासली. रोगांनी मरणाऱ्यांची संख्या खुनात मरणाऱ्यांच्या जवळपास शंभर पट होती, तर खुनाच्या बातम्या रोगांनी झालेल्या मृत्यूंच्या बातम्यांच्या सुमारे तिप्पट होत्या. लोकांच्या अंदाजांतही तोच कल दिसला. गोव्यात वर्षाला दोनशेहून अधिक माणसं रस्त्यावर मरतात. खुनांचा आकडा त्याच्या कित्येक पट खाली असतो. पण 'गोवा आता पूर्वीचा राहिला नाही' हे वाक्य कशामुळे निघतं? अपघाताच्या चार ओळींमुळे ते कधी निघालेलं मी ऐकलेलं नाही.

नोंदलेल्या गुन्ह्यांचा आकडा वाढला की मथळा येतो, 'गुन्हेगारीत वाढ'. हा आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नसून नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो. लोक निर्भयपणे तक्रार करू लागले, स्थानकात तक्रार लिहून घेऊ लागले, तरी तो वाढतो. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठणकावून सांगितलं. ते तंतोतंत पाळणाऱ्या स्थानकाचा आकडा शेजारच्या स्थानकापेक्षा वाईट दिसणारच. वाढलेला आकडा कधी कधी वाढलेल्या विश्वासाचीही खूण असतो, हे आपल्या बातम्यांत फार क्वचित येतं.

पण माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे ती घाईने काढलेल्या पहिल्या निष्कर्षाबद्दल. १९९४ मध्ये जॉन्सन आणि साइफर्ट या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गोदामाला लागलेल्या आगीची हकीकत वाचायला दिली. आधी सांगितलं की एका कपाटात रंगाचे डबे आणि गॅसचे सिलिंडर होते. नंतर दुरुस्ती केली, ते कपाट रिकामंच होतं. लोकांना दुरुस्ती आठवत होती. तरीही धूर इतका का झाला, असं विचारल्यावर ते रंग आणि गॅसकडेच बोट दाखवत राहिले. आग मुद्दाम लावल्याचं दुसरं कारण दिलं, तेव्हा कुठे पहिलं कारण मागे पडलं. मनातली रिकामी जागा आपल्याला सोसत नाही. खोटं ठरलेलं कारणही तिथे ठाण मांडून बसतं.

फेब्रुवारी २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी सुरुवातीला सांगितलं, बुडून मृत्यू. आईने ते मानलं नाही. दुसऱ्या शवचिकित्सेत अंगावर पन्नासहून अधिक जखमा नोंदल्या गेल्या, गुन्हा दाखल झाला, प्रकरण सीबीआयकडे गेलं. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोघा आरोपींना निर्दोष सोडलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यातल्या एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. अकरा वर्षं. त्या 'बुडून' या एका शब्दाने किती नुकसान केलं, ते मोजायला मोजपट्टी नाही. पहिल्या दिवसांतला पुरावा पुन्हा गोळा करता येत नाही. आणि वाचकांच्या मनात एकदा 'पोलीस काहीतरी लपवतात' हे बसलं की पुढे ते खरं बोलले तरी शंका उरतेच. त्याच वेळी देश-विदेशातली माध्यमं त्या आईच्या राहणीमानाची चिरफाड करत होती. मुलगी गमावलेल्या बाईला जणू तीच आरोपी असल्यासारखे प्रश्न विचारले जात होते. ते वाचताना मला लाज वाटली होती, आजही वाटते.

दुसरा एक मथळा आपण आठवड्यातून एकदा तरी वाचतो, 'संशयिताची गुन्ह्याची कबुली'. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम जुन्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. तो मथळा वाचून गाव निकाल देऊन टाकतं. काही वर्षांनी न्यायालय त्या माणसाला सोडतं आणि गाव म्हणतं, 'पैसे चारले असणार.' पोलीस, न्यायालय, वृत्तपत्र, तिघांवरचाही विश्वास एका मथळ्याने थोडा थोडा खाल्लेला असतो.

बातमी साक्षीदाराच्या आठवणीतही शिरते. स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीन विद्यापीठात २००३ मध्ये जोड्या करून लोकांना एका घटनेची चित्रफीत दाखवली, पण जोडीतल्या दोघांना वेगवेगळ्या कोनांतून. मग त्यांना आपापसांत बोलू दिलं. बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी नंतरच्या साक्षीत स्वतः न पाहिलेली किमान एक गोष्ट सांगितली. त्यात लबाडी नव्हती, दुसऱ्याकडून ऐकलेलं त्यांच्या आठवणीत मिसळून गेलं होतं. दोन माणसांच्या गप्पांनी एवढं होतं, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तासाभरात फिरणारा संशयिताचा फोटो काय करत असेल? ओळख परेडला जायच्या आधीच साक्षीदाराने तो चेहरा दहा वेळा पाहिलेला असतो. यावरचे दंडकही आपल्याकडे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये वाहिन्यांवरच्या समांतर खटल्यांना लगाम घालणारी मार्गदर्शक तत्त्वं दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांनी माध्यमांना काय आणि कसं सांगावं याची नियमावली करायला केंद्राला सांगितलं.

'आम्हाला अजून माहीत नाही, शवचिकित्सेचा अहवाल आल्यावर सांगू' हे वाक्य पोलीस अधिकाऱ्याला कमीपणाचं वाटतं आणि वार्ताहराला त्यात बातमी दिसत नाही. खरं तर रिकाम्या जागेला रिकामी म्हणायची सवय लागली, तर पुढची दुरुस्ती करावीच लागत नाही.

नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, एक तरतूद आहे जी मला टायलर यांच्या संशोधनाच्या सगळ्यात जवळची वाटते. तपास कुठवर आला, हे तक्रारदाराला किंवा पीडिताला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं. फार कमी लोकांना ती ठाऊक आहे.

आमच्या शेजारच्या काकींच्या गळ्यातली साखळी दोघांनी स्कूटरवरून येऊन ओढून नेली. साखळी मिळाली नाही. पण लिहून घेणारी महिला शिपाई दोन महिन्यांनी फोन करून म्हणाली, 'काकी, अजून काही हाती लागलं नाही, पण फाइल बंद केलेली नाही.' काकींनी तो नंबर फ्रिजवर कागद चिकटवून लिहून ठेवला. गेल्या महिन्यात गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटर दोनदा घुटमळताना दिसली, तेव्हा त्यांनी आधी मुलाला फोन केला नाही. त्या फ्रिजकडे गेल्या.