मेंदूच्या वाटेवरची गाळणी

जबड्याच्या कोनाखाली बोट दाबलं की जी धमनी उडताना जाणवते, ती कॅरोटिड. तिथेच जवळपास तिला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. चरबी, कॅल्शियम आणि गुठळ्यांचा थर नेमका या फाट्यावर साचतो. तो फुग्याने दाबायचा आणि स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी, बसवायचा, एवढंच काम. पण हा थर जुन्या भिंतीच्या गिलाव्यासारखा असतो. दाबला की पोपडे सुटतात. मांडीच्या धमनीत सुटलेला बारीक पोपडा बहुतेकदा पचून जातो. इथे सुटलेला थेट मेंदूत जातो आणि पक्षाघात घडवू शकतो.

म्हणून स्टेंटच्या आधी, थराच्या पलीकडे एक जाळी उघडतात. ०.०१४ इंच, म्हणजे सुमारे ०.३६ मिलिमीटर जाडीच्या तारेच्या टोकाजवळ ही जाळी असते. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, म्हणजे निटिनॉलची चौकट आणि तिच्यावर भोकांचा पातळ पडदा. नळीत दुमडून नेली तरी बाहेर आल्यावर निटिनॉल आपला मूळ आकार घेतो, म्हणून ती छत्रीसारखी उघडते.

भोकं किती मोठी ठेवायची, हा सगळ्यात अवघड हिशेब. बहुतेक जाळ्यांची भोकं १०० ते १४० मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे एका भोकातून डझनभर पेशी शेजारी शेजारी निघून जातील. मग भोकं आणखी बारीक का नाही करायची? कारण चहाची गाळणी जितकी बारीक, तितकी ती लवकर तुंबते. इथे तर गाळायचं आहे ते रक्त, आणि परक्या पृष्ठभागावर गोठणं हा त्याचा स्वभावच. तेव्हा ८० मायक्रॉनचा कण पलीकडे जाणार, हे आधीच मान्य करून जाळी बनवलेली असते. स्टेंटिंगनंतर एमआरआयमध्ये मेंदूत नवे बारीक ठिपके दिसतात, रुग्णाला मात्र काहीच त्रास नसतो. त्यामागचं हे एक कारण.

रुग्णाला आधीपासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळ्या होऊ न देणारी औषधं चालू असतात. हेपारिन देऊन रक्त गोठण्याची वेळ २५० ते ३०० सेकंदांवर आणतात. जाळी धमनीच्या मापापेक्षा किंचित मोठी निवडतात आणि थराच्या काही सेंटिमीटर पुढे, सरळ भागात उघडतात. वळणावर उघडली तर आतल्या बाजूला फट राहते आणि पोपडे तिथून निसटतात. एक्स-रेखाली कडेच्या खुणा भिंतीला टेकलेल्या दिसल्या पाहिजेत.

या पद्धतीतली खरी कमजोरी त्याआधीच येऊन गेलेली असते. धमनी ५ मिलिमीटरची आणि ती ८० टक्के अरुंद झालेली, म्हणजे वाट उरली १ मिलिमीटर. दुमडलेली जाळीही साधारण तेवढीच जाड. ती थराला घासत पलीकडे जाते तेव्हा तिच्या पुढे कुठलंच संरक्षण नसतं.

मग लहान फुगा, स्टेंट आणि शेवटी साधारण ५ मिलिमीटरचा फुगा. या शेवटच्या फुगवण्यात सर्वाधिक कचरा सुटतो, कारण थर स्टेंटच्या जाळीतून किसणीवर किसल्यासारखा निघतो. म्हणून अनुभवी हात इथे हाव करत नाहीत. २०-३० टक्के अरुंदपणा राहिला तरी थांबतात. शिवाय फाट्यावरच रक्तदाब मोजणारी चेतातंतूंची टोकं असतात. ती दाबली गेली की नाडी एकदम मंदावते, म्हणून नाडी वाढवणारं ॲट्रोपिन हाताशी भरून ठेवलेलं असतं.

यानंतर डाय, म्हणजे एक्स-रेत रक्ताची वाट दाखवणारं द्रव्य, सोडल्यावर ती पुढे सरकलीच नाही, तर जाळी भरली असण्याची शक्यता मोठी. (धमनी आकसली असेल तर नायट्रोग्लिसरीनने सुटते.) अशा वेळी जाळी लगेच मिटवून काढून घ्यावीशी वाटते, आणि तीच चूक ठरते. जाळीच्या मागे थबकलेल्या रक्तातही कण तरंगत असतात. जाळी मिटली की ते सगळे मेंदूकडे धावतात. आधी बारीक नळीने ते रक्त ओढून घ्यायचं, मगच जाळीला हात लावायचा. भरलेली जाळी पूर्ण दाबून नळीत ओढायचीही नाही. तोंड मिटलं की पुरे, नाहीतर गाळलेलं पुन्हा पिळून बाहेर येतं. काढायची नळी स्टेंटच्या कडेला अडली तर रुग्णाला मान वळवायला किंवा आवंढा गिळायला सांगतात. धमनीचा कोन जरासा बदलतो आणि नळी सुटते.

दुसरी पद्धत प्रवाहच थांबवते. थराच्या अलीकडे मुख्य धमनीत एक फुगा आणि चेहऱ्याकडच्या फाट्यात दुसरा. थर ओलांडण्याआधीच संरक्षण मिळतं, हा मोठा फायदा. काम झाल्यावर २० मिलिलिटरच्या तीन सिरिंज रक्त ओढून गाळून बघतात; कण दिसले तर आणखी ओढतात. मात्र तोवर मेंदूच्या त्या बाजूला दुसरीकडून रक्त मिळायला हवं. रुग्ण जागा असतो, आणि त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात कधीकधी दाबल्यावर वाजणारं रबरी खेळणं देतात. सांगितल्यावर ते वाजलं नाही, तर फुगे सोडायचे.

जाळीत कचरा सापडला म्हणजे रुग्णाचा फायदा झाला, असं मात्र नाही. हृदयाच्या बायपासमध्ये लावलेल्या पायाच्या जुन्या शिरांत फायदा स्पष्ट दिसला. २००२ च्या ‘सेफर’ चाचणीत ८०१ रुग्ण होते. कचरा अडवणाऱ्या फुग्यामुळे ३० दिवसांतल्या गंभीर घटना १६.५ टक्क्यांवरून ९.६ वर आल्या. तेच साधन हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या मूळ धमनीत वापरलं तेव्हा बहुतेकांत कचरा निघाला, पण इजा झालेला भाग लहान झाला नाही.

मांडीतून हृदयाची झडप बदलताना उजव्या मनगटातून दोन जाळ्या बसवतात, त्यांची गोष्टही अशीच. जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या जाळीत काहीतरी सापडतं. पण २०२५ मध्ये जाहीर झालेल्या, साडेसात हजारांहून अधिक रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत पक्षाघाताचं प्रमाण जाळीसह २.१ टक्के आणि जाळीविना २.२ टक्के निघालं. या दोन जाळ्या मेंदूकडे जाणाऱ्या चारपैकी तीन धमन्या झाकतात. मानेतून मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणारी डावी व्हर्टिब्रल उघडीच राहते.