दुसऱ्या राज्यात बदली किंवा निवृत्ती: फौजीच्या शस्त्र परवान्याची नोंद नव्या जिल्ह्यात कशी करायची

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या फौजींची ही जुनी रीत आहे. नोकरीत असताना पोस्टिंगच्या जिल्ह्यातून बारा बोरच्या बंदुकीचा परवाना काढायचा आणि पेन्शनीला येताना बंदूक सोबत आणायची. बंदूक असली की बँकेत, कॅशव्हॅनवर गनमॅनची नोकरी मिळते, दोन पैसे जास्त मिळतात. पण बंदूक गावी येते आणि परवाना कागदोपत्री तिकडच्याच जिल्ह्यात राहतो. इथल्या दप्तरी तुमचं नाव नसतं. मी गावाकडच्या माजी सैनिकांचे अर्ज भरून देतो, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची अडचण हीच असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ड्यूटीवर हातात असलेल्या सरकारी शस्त्राला परवाना लागत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ नुसार त्याला सूट आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या शस्त्राला ही सूट नाही. तिथे जवान, सुभेदार, कर्नल सगळे साध्या नागरिकासारखेच. गणवेश आहे म्हणून कोणी विचारणार नाही, या भरवशावर राहू नका.

नोंद बदलून मिळण्यासाठी परवाना चालू हवा आणि त्यावर यूआयएन क्रमांक हवा. हा क्रमांक म्हणजे ‘एनडाल’ या राष्ट्रीय नोंदवहीतली तुमची ओळख. तो नसेल तर जुनं परवाना पुस्तक कायद्याने वैध धरलं जात नाही. शस्त्रं दोनपेक्षा जास्त नकोत. पूर्वी तीन चालायची, २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादा दोनवर आली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, ही त्यातली सोयीची बाजू. परवान्यावरचा ‘क्षेत्र’ हा रकानाही नीट वाचा. तिथे फक्त एखादा जिल्हा किंवा राज्य लिहिलं असेल, तर त्या हद्दीबाहेर शस्त्र हलवण्याआधी तिथल्याच कार्यालयातून परवानगी घ्यावी लागेल. ‘संपूर्ण भारत’ असेल तर प्रवास सोपा होतो, पण नव्या पत्त्याची नोंद तरीही करावीच लागते.

पत्ता बदलून शस्त्र सोबत नेलं की तीस दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला कळवायचं, आणि ज्याने परवाना दिला किंवा शेवटचं नूतनीकरण केलं त्यालाही कळवायचं. लोक यातलं एकच करतात. इथे अर्ज देतात आणि तिकडे कळवत नाहीत, मग इथली फाइल महिनोन्‌महिने हलत नाही, कारण इथलं कार्यालय तिकडून खातरजमा आल्याशिवाय नोंद घालत नाही. जम्मू-काश्मीरचा परवाना असेल तर ही खातरजमा जास्तच कसून होते. तिथे २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या पावणेतीन लाखांच्या आसपास परवान्यांची सीबीआयने चौकशी केली. तुमचा परवाना शंभर टक्के खरा असला तरी त्या चौकशीची सावली त्यावर पडतेच. म्हणून डिस्चार्जच्या आधी, अंगावर वर्दी असतानाच, त्या जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन ना हरकत पत्र आणि परवान्याच्या नोंदीची साक्षांकित प्रत हातात घ्या. युनिटमधून एक दिवसाची सुट्टी काढून होणारं हे काम नंतर दोन हजार किलोमीटरचा प्रवास करायला लावतं. माझ्याकडे आलेल्या एका हवालदारांना याच एका कागदासाठी दोनदा उत्तरेत जावं लागलं. दोन्ही वेळा ‘साहेब नाहीत’ एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्या वेळी त्यांच्या जुन्या युनिटच्या क्लर्कने पत्रव्यवहार केला, तेव्हा कागद आला.

महाराष्ट्रात अर्ज कुठे द्यायचा, तेही ठिकाणावर अवलंबून आहे. ग्रामीण भागात परवाना अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर. पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर अशा आयुक्तालयांच्या शहरांत पोलीस आयुक्त. घर साताऱ्यात आणि नोकरी पुण्यात असेल, तर ज्या पत्त्यावर शस्त्र ठेवणार तो धरा. अर्ज एनडालच्या पोर्टलवर भरून त्याची छापील प्रत कागदांसह कार्यालयात द्यायची. तिथून फाइल पोलीस ठाण्याकडे जाते आणि चौकशीचा अहवाल परत येतो. चौकशीला घरी कोणी आलं तर शस्त्र कुठे, कोणत्या कुलपात ठेवता हे दाखवायची तयारी ठेवा.

कागदांत मूळ परवाना पुस्तक, आधार, पॅन, नव्या पत्त्याचा पुरावा, फोटो आणि एस-३ नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र तयार ठेवा. पत्त्याच्या पुराव्याला लाइट बिल किंवा भाडेकरार चालतो, कॅन्टोन्मेंटमध्ये राहत असाल तर क्वार्टरचं अलॉटमेंट लेटर जोडा. नोकरीत असाल तर मूव्हमेंट ऑर्डर (बदलीवर निघण्याचा आदेश) आणि कमांडिंग ऑफिसरचं पत्र, निवृत्त असाल तर डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र. शस्त्र खरेदीची पावती जपून ठेवली असेल तर फार कामाला येते.

शस्त्र तपासणीला बोलावलं तरच न्या, आपण होऊन पहिल्याच दिवशी घेऊन जाऊ नका. जाण्याआधी घरी एक काम करा. नळीवर कोरलेला नंबर खडूने घासा, म्हणजे खाचांत पांढरी पूड बसते आणि आकडे उठून दिसतात. ते परवाना पुस्तकातल्या आकड्यांशी एकेक करून ताडून पाहा. जुन्या हस्तलिखित पुस्तकांत १ चा ७ झालेला मी पाहिला आहे, आणि त्या एका आकड्यासाठी अख्खं प्रकरण परत फिरलेलंही. चूक दिसली तर नोंदीच्या अर्जाआधीच, परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून दुरुस्त करून घ्या.

प्रवासात शस्त्र रिकामं, आवरणात बंद आणि काडतुसं वेगळी. मूळ परवाना अंगावर, झेरॉक्स नव्हे. विमानाने येणार असाल तर शस्त्र हातातल्या बॅगेत कधीच चालत नाही. चेक-इन काउंटरवर आधी सांगून, रिकामं करून, नोंदवून सामानातच द्यायचं. काडतुसांची मर्यादा तिकीट काढतानाच कंपनीला विचारा.

परवाना तुमच्या नावावर आहे, घराच्या नाही. तुम्ही पठाणकोटला आणि बंदूक गावच्या कपाटात, भाऊ ती शेतावर डुकरं हाकलायला नेतो, हे सर्रास चालतं आणि ते बेकायदा आहे. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला आता किमान दोन ते कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे, ती त्या भावाला होऊ शकते आणि तुमचा परवानाही जातो. घरी ठेवायचं नसेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.

परवान्याची मुदत संपली तर शस्त्र घरात ठेवता येत नाही, ते विनाविलंब जमा करायचं असतं. साध्या नागरिकाला पोलीस ठाणं किंवा विक्रेता असे दोनच पर्याय असतात, पण नोकरीतल्या फौजीला कलम २१ ने तिसराही दिला आहे, युनिटच्या शस्त्रागारात, म्हणजे आपल्या कोतात जमा करण्याचा. बदलीच्या धावपळीत नूतनीकरण राहिलं तर हा आधार फार मोठा आहे. कोत एनसीओकडून, म्हणजे शस्त्रागार सांभाळणाऱ्या हवालदार-नाईकाकडून, तारीख आणि शस्त्राचा नंबर असलेली पावती घ्या. नूतनीकरणाचा अर्ज मात्र मुदत संपायच्या साठ दिवस आधीच गेला पाहिजे, म्हणून परवान्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

नोंद झाली की पुस्तकातला नवा पत्ता, सही आणि शिक्का खिडकीशीच पाहून घ्या. मग पोर्टलवर तुमच्या यूआयएनसमोर नवा जिल्हा दिसतो का, तेही बघा. निवडणुकीच्या काळात शस्त्रं जमा करायच्या नोटिसा याच नोंदीवरून निघतात, आणि बँकेच्या गनमॅनने सूट मागायची तर ठाण्याच्या यादीत त्याचं नाव आधीपासून असावं लागतं.