पाट्यांवरून हवेवर: जुन्या पिकअपच्या एअर सस्पेन्शनची पार्श्वभूमी

जुनी पिकअप खरवडून रंगवली, बंपरला क्रोम चढवला, आतली सीट नवी शिवून घेतली, की मालकाच्या डोक्यात पुढचा किडा वळवळायला लागतो. गाडी खाली बसवायची. बटण दाबलं की फुस्स करून रस्त्याला टेकली पाहिजे, दुसरं दाबलं की उठून चालायला लागली पाहिजे. ही मागणी घेऊन एखादं पोरगं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शिरलं, तर पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक आवळलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, कामात हयात घालवलेला मिस्त्री आधी गाडीखाली डोकावतो आणि मग विचारतो, "पाटं काढतोस, पण एक्सल धरणार कोण?"

एक्सल म्हणजे दोन्ही चाकं पेलणारा आडवा दांडा. प्रश्न साधा वाटतो, पण सगळा विषय तिथंच येऊन अडतो.

कमानपाटे घोडागाडीच्या काळातले. लंडनच्या ओबडाया इलियटनं १८०४ मध्ये बग्गीसाठी लंबगोल पाट्यांचं पेटंट घेतलं. मोटार आली तेव्हा तिनं हे पाटे जसेच्या तसे उचलले. पाटा नुसतं वजन पेलत नाही. त्याचं पुढचं टोक बुश-पिननं चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, पक्कं असतं, मागचं शॅकलमध्ये, म्हणजे हलत्या कडीत, झुलतं, आणि मध्ये यू-बोल्टनं आवळलेला एक्सल त्याच्याच जोरावर जागेवर राहतो. ब्रेक मारल्यावर, वळण घेताना, लोड टाकल्यावर चाक मागंपुढं किंवा डावीउजवीकडं सरकू न देणं हेही पाट्याचंच काम. शिवाय पाट्यावर पाटा घासतो, त्यानं थोडा झटकाही मरतो. इतकी कामं एकट्यानं आणि इतक्या स्वस्तात करणारा दुसरा भाग गाडीत सापडणं अवघड. म्हणून १९५३ ची फोर्ड एफ-१०० असो की त्याच सुमाराची शेव्हरोले ३१००, पुढं पाटे, मागं पाटे.

असली गाडी आपल्याकडं येण्याची वाट मुंबईतून होती. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला जुळणी सुरू केली, फोर्डचंही काम मुंबईत चालायचं. कुर्ल्याच्या प्रीमिअरमधून डॉज आणि फार्गो बाहेर पडायच्या, महिंद्रानं विलीजची जीप जोडायला घेतली. नुसती जुळणी पुरे, आता इथं बनवा, असं सरकारनं १९५३ च्या सुमारास ठरवल्यावर जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. त्यामुळं आज या भागात सापडणारी जुनी पिकअप म्हणजे बहुधा त्या काळातली उरलीसुरली डॉज-शेव्हरोले, नाहीतर जीपच्या चेसिसवरची महिंद्रा. कुठलीही घ्या, खाली पाटेच.

आणि कोल्हापुरात पाट्यांची परीक्षा कशानं झाली, तर मालानं. गुळाचे रवे मार्केट यार्डात आणायचे, परतीला खत न्यायचं, कधी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकणात जायचं. कंपनीनं ठरवलेलं वजन हा इथं सल्ला समजला जातो, नियम नव्हे. गाडी मागं बसायला लागली की जादा पाटा टाकायचा, हा इथला ठरलेला उपाय. भरल्या गाडीला तो लागू पडतो. रिकामी गाडी मात्र दगड होते, गतिरोधकावर मागची चाकं उडतात आणि ड्रायव्हरचं डोकं टपाला लागतं. टनाच्या मापानं कडक केलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला मऊ कशी लागावी?

याच अडचणीवर हवेच्या स्प्रिंगचा उपाय पुढं आला. अमेरिकेत १९०१ मध्ये विल्यम हम्फ्रीजनं गाडीसाठी हवेच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. इंग्लंडच्या काउई मोटर वर्क्सनं १९०९ मध्ये असं सस्पेन्शन आणलं, पण ते गळायचं. रबर आणि त्यातलं कापड हवा धरून ठेवण्याइतकं तयार व्हायला पुढची काही दशकं गेली. फायरस्टोननं १९३० च्या दशकात त्यावर मेहनत घेतली, आणि १९५३ मध्ये जनरल मोटर्सच्या लांब पल्ल्याच्या बसखाली हवेच्या बॅगा आल्या. बस हे त्याचं खरं घर. रिकामी आणि भरलेली बस यांच्या वजनात मोठी तफावत असते, आणि बॅगेत हवा कमीजास्त केली की दोन्ही वेळा उंची तीच राहते. ब्रेकसाठी कॉम्प्रेसर आधीच चालू असतो, त्यामुळं हवाही तयारच मिळते.

मोटारींत मात्र हसं झालं. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूमला आणि पाठोपाठ १९५८ च्या शेव्हरोलेला हवेचं सस्पेन्शन देऊन पाहिलं. हवा गळून गाड्या रात्रीत बसायच्या. कित्येक मालकांनी ते काढून कॉइल स्प्रिंग घालून घेतल्या. याच्या आधी, १९४९ मध्ये, मिशिगनमध्ये एअर लिफ्ट नावाची कंपनी निघाली होती. मूळ स्प्रिंग ठेवायची आणि तिला मदतीला छोटी बॅग द्यायची, एवढाच तिचा आटोपशीर विचार. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात शहाणा विचार हाच.

गाडी जमिनीला टेकवायची हौस वेगळ्याच घरातली. कॅलिफोर्नियात १९५८ पासून कायदा लागू झाला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. त्यावर रॉन अगीरेनं १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप लावले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली. पुढं १९९० च्या दशकात तिकडच्या छोट्या पिकअपवाल्या पोरांनी तेलाऐवजी हवा घेतली, ट्रक-बसच्या मालातल्या बॅगा उचलून आपल्या गाडीखाली बसवल्या. आज बटणावर बसणाऱ्या गाडीचा जो व्हिडिओ इथल्या पोरांच्या मोबाइलवर फिरतो, तो त्याच घराण्यातला.

आपल्याकडं ही चीज आली ती पुन्हा बसमधूनच. २००१ मध्ये व्होल्वोची बी-७ आर आली, महामार्ग चौपदरी झाला, आणि रात्री बसून सकाळी मुंबईत उतरणाऱ्या माणसाला एअर सस्पेन्शन म्हणजे काय ते पाठीनं कळलं.

आता गाडीखाली प्रत्यक्ष काय होतं ते पाहू. यू-बोल्टच्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावं लागतं, तरी चारांतला एखादा नट गॅसकटरनंच सुटतो. पाटे वेगळे केले की मधून गंजाचे पापुद्रे आणि वर्षानुवर्षांचं घट्ट काळं ग्रीस निघतं. त्या जागी येते ती पेटीच्या भात्यासारखी दोन घड्यांची रबरी बॅग, खालीवर लोखंडी प्लेट. हिशेब सोपा: बॅगेचं कामाचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच आणि दाब ४० पीएसआय (दर चौरस इंचाला ४० पौंड) असेल, तर ती १,२०० पौंड, म्हणजे साधारण ५४५ किलो पेलते. दाब वाढवा, जास्त पेलेल. पण बॅग फक्त वर ढकलते, बाजूला काही धरत नाही. त्यामुळं पाटे गेले की एक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या चार लिंक (दांड्या) लागतात, डावीउजवीकडं सरकू नये म्हणून आडवा पॅनहार्ड रॉड लागतो, शॉकॲबसॉर्बर वेगळे लागतात. १९६० च्या दशकातल्या शेव्हरोले सी-१० ला मागं मुळातच कॉइल आणि लांब आर्म होते, म्हणून तिकडं तिच्यावर हे काम पटकन जमतं. आपल्या पाट्यांच्या गाडीवर सगळं नव्यानं उभं करावं लागतं. गाडी पार खाली आणायची तर एक्सलला वर जागा हवी, मग चेसिसला कमानीसारखा काप घेऊन वरून जाड पट्टी वेल्ड करतात. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडा आला तर तो जोड उघडून पुन्हा सील करायचा.

लोखंडाचं हे काम उद्यमनगराला जड नाही. म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिराचं नाव आजही आदरानं घेणाऱ्या या गावात ब्रॅकेट आणि लिंक बनवून मिळतील, बुशही लेथवर निघतील. अडचण कागदावर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. दुसरीकडं जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी दिली, व्हीए अक्षरांची नंबरपाटी आणि नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. अशी गाडी रोजच्या वापरालाही चालत नाही, प्रदर्शन, रॅली एवढ्यापुरतीच.

म्हणजे एखाद्या पिकअपला व्हिंटेज नंबरपाटी मिळत असेल, तर तिच्याच चेसिसला काप घेतला की ती हातची जाते. पाट्यांच्या जोडीला बोल्टवर बसणारी मदतीची बॅगही कायद्यानं फेरफारच ठरू शकते, पण ती चार नट सोडले की निघते आणि खालचे पाटे जागेवर असतात. कापलेली चेसिस वेल्ड करून भरता येते, मात्र तपासणीला आलेला इन्स्पेक्टर चेसिस नंबर बघायला वाकला की वेल्डची ती रेघ त्याच्या नजरेतून सुटत नाही.