इलिएस्कू, इयॉन

(३ मार्च १९३० – ५ ऑगस्ट २०२५). साम्यवादी राजवट कोसळल्यानंतरचे रोमानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष (१९९०–९६ आणि २०००–०४). जन्म डॅन्यूबकाठच्या ओल्तेनित्सा येथे. मॉस्कोत अभियांत्रिकी शिकून आल्यावर ते कम्युनिस्ट पक्षात झपाट्याने वर चढले; पण १९७१ मध्ये देशाचे साम्यवादी हुकूमशहा निकोलाए चाउशेस्कू यांची मर्जी फिरली. आधी जिल्ह्यांत, मग जलव्यवस्थापन खात्यात आणि अखेर तांत्रिक पुस्तकांच्या प्रकाशनगृहात त्यांची रवानगी झाली. पुढे हेच अडगळीत पडणे त्यांच्या कामी आले. पक्षाची यंत्रणा आतून माहीत असलेला, तरीही हुकूमशहाच्या पापात थेट वाटेकरी न दिसणारा दुसरा नेता त्या घटकेला क्वचितच सापडला असता.

२२ डिसेंबर १९८९ रोजी चाउशेस्कू हेलिकॉप्टरने बुखारेस्टमधून निसटले आणि काही तासांतच इलिएस्कू दूरचित्रवाणीवर झळकले. त्यांच्या नेतृत्वाखालच्या ‘राष्ट्रीय मुक्ती आघाडी’ने सत्ता हाती घेतली. नाताळच्या दिवशी चाउशेस्कू पतिपत्नीला घाईघाईच्या खटल्यानंतर गोळ्या घालण्यात आल्या. निवडणूक होईपर्यंतच कारभार पाहू, असे सांगणाऱ्या आघाडीने महिनाभरात स्वतःच निवडणूक लढवायचे ठरवले. ‘क्रांती चोरली’ हा आरोप तिथूनच सुरू झाला. तरी २० मे १९९० च्या मतदानात इलिएस्कूंना सुमारे ८५ टक्के मते पडली. हा आकडा निव्वळ दडपशाहीचा म्हणता येत नाही. दिवे, उष्णता आणि अन्न यांच्या टंचाईने पिचलेल्या लोकांना धक्के न देणारा ओळखीचा माणूस हवा होता.

बुखारेस्टच्या विद्यापीठ चौकात मात्र एप्रिलपासून ठिय्या होता. माजी कम्युनिस्टांना पदबंदी करा, ही आंदोलकांची मागणी. इलिएस्कूंनी त्यांना ‘गोलान’, म्हणजे मवाली, म्हटले. आंदोलकांनी तीच बिरुदावली छातीवर मिरवली. १३ जूनला पोलिसांनी चौक रिकामा केल्यावर दंगल उसळली. इलिएस्कूंच्या हाकेनंतर झिऊ खोऱ्यातले कोळसा खाणकामगार रेल्वेगाड्यांनी राजधानीत उतरले. लाठ्याकाठ्या घेऊन त्यांनी विद्यार्थ्यांना झोडपले, विरोधी पक्षांच्या कचेऱ्या फोडल्या आणि त्याच चौकात फुलझाडेही लावली. राष्ट्राध्यक्षांनी त्यांचे जाहीर आभार मानले. माणसे दगावली, शेकडो जखमी झाले आणि पश्चिमेत रोमानियाची पत घसरली. सप्टेंबर १९९१ मध्ये तेच खाणकामगार पुन्हा आले. या वेळी पंतप्रधान पेत्रे रोमान यांचे सरकार गेले, इलिएस्कू टिकले.

१९९१ च्या अखेरीस नवी राज्यघटना आली, १९९२ मध्ये ते पुन्हा निवडून आले. खासगीकरण संथ, महागाई चढी, असा तो काळ. पदच्युत राजे मिहाय यांना देशात येऊ देण्याबाबतही सरकार धास्तावलेलेच असे. तरी युरोपीय संघाच्या सदस्यत्वाचा अर्ज १९९५ मध्ये याच राजवटीने केला. १९९६ मध्ये एमिल कॉन्स्तान्तिनेस्कू यांच्याकडून हरल्यावर इलिएस्कूंनी निमूटपणे खुर्ची सोडली. मतपेटीतून झालेले देशातले ते पहिले साम्यवादोत्तर सत्तांतर. त्यांच्या टीकाकारांनाही हे श्रेय नाकारता येत नाही.

२००० मध्ये अंतिम फेरीत समोर उग्र राष्ट्रवादी कोर्नेलिऊ वादिम तुदोर असल्याने जुन्या विरोधकांनीही नाइलाजाने इलिएस्कूंनाच मत दिले. त्यांना सुमारे ६७ टक्के मते मिळाली. या कारकिर्दीत मॉस्कोत शिकलेल्या या नेत्याने देश नाटोत नेला (मार्च २००४) आणि युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्णत्वाला नेल्या. राजे मिहाय यांच्याशी समेट झाला. ज्यूसंहाराविषयी इलिएस्कूंनी दिलेल्या एका मुलाखतीवरून २००३ मध्ये गदारोळ उठल्यावर, त्या संहारातून वाचलेले लेखक एली विझेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि रोमानियाने त्या संहारातली आपली जबाबदारी अधिकृतपणे मान्य केली. पण पद सोडता सोडता त्यांनी खाणकामगारांचे तुरुंगात असलेले पुढारी मिरोन कोझ्मा यांना माफी दिली आणि लोकक्षोभ पाहून ती लगेच मागे घेतली.

२००५ मध्ये त्यांच्याच सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या लढतीत मिर्चा जोआना यांनी त्यांना हरवले. २००८ मध्ये सिनेटमधली कारकीर्दही संपली. जून १९९० च्या हिंसाचाराबद्दल आणि डिसेंबर १९८९ मधल्या मृत्यूंबद्दल त्यांच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे आरोप ठेवण्यात आले. ते त्यांनी कायम फेटाळले. खटले वर्षानुवर्षे रेंगाळले आणि निकाल लागण्याआधीच वयाच्या ९५ व्या वर्षी बुखारेस्ट येथे त्यांचे निधन झाले.