वसंताच्या रॅम्पवरचा कुणबी चौकडा

न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिसच्या रॅम्पवर पुढच्या वसंत-उन्हाळ्याचे कपडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच येतात, कारण दुकानांची मागणी आणि कारखान्यांचं काम यांत मधले सहा महिने जातात. फुलांच्या वेली आणि चौकड्या त्यात बहुतेक दर वर्षी असतात. मार्चमध्ये, म्हणजे गोव्यात शिगमो रंगात असताना, तेच नमुने पणजी-मडगावच्या दुकानांत युरोपची नवी फॅशन म्हणून टांगले जातात. त्यांची मुळं मात्र भारताच्या किनाऱ्यांवर आहेत.

सोळाव्या शतकात युरोपला लोकर आणि रेशीम रंगवता येत होतं. सुती कापडावर धुऊनही न जाणारी रंगीत फुलं उमटवणं जमत नव्हतं. आपल्या रंगाऱ्यांना ते साधलेलं होतं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग नक्षीपुरती तुरटी लावायची. तांबडा रंग तेवढ्याच जागी पक्का बसतो. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यावर गुजरातेतल्या खंबायतचं आणि कोरोमंडलचं, म्हणजे तमिळ-आंध्र किनाऱ्याचं, कापड त्यांच्या व्यापारात आलं. त्यातलं पुष्कळ आग्नेय आशियातल्या मलाक्का बंदराला जाई आणि त्याच्या बदल्यात मसाले मिळत. काही लिस्बनला पोचे. पुढे डच आणि इंग्रजांनी हा व्यापार इतका वाढवला की युरोपातले विणकर हवालदिल झाले. फ्रान्सने 1686 मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली, इंग्लंडने 1721 मध्ये. फ्रान्सची बंदी 1759 मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी ओबरकाम्फ नावाच्या कारखानदाराने पॅरिसजवळच्या ज्युई गावात छपाईचा कारखाना काढला. 1783 मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस बेलने नक्षी कोरलेल्या फिरत्या रुळाने कापड छापण्याचं पेटंट घेतलं. आपल्या आज्यांच्या पोलक्यांचं चीट याच वाटेने परत आलं.

गोव्याचं स्वतःचं कापड यापेक्षा वेगळं आहे, आणि मला त्याच्याबद्दल अधिक सांगायचं आहे. कुणबी साडी छापलेली नसते. तिचा लाल-पांढरा चौकडा मागावरच, ताण्या-बाण्याच्या रंगीत सुतातून तयार होतो. भाताच्या खाचरात वाकून काम करणाऱ्या बाईची ती साडी: जाड सुती, पोटरीच्या वर नेसलेली, पदर खांद्यावर गाठ मारून पक्का केलेला, म्हणजे दोन्ही हात मोकळे. चौकड्यांची सरळ घट्ट वीण रोजच्या धुण्याला आणि चिखलाला टिकते. सुंदर दिसण्यासाठी तिला वेगळं काही करावं लागलं नाही.

इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांना धोतर आणि चोळी वर्ज्य केली. तरीही दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती कुणबी बायका शेतात आपलं कापड नेसतच राहिल्या. फर्मानापेक्षा यंत्राचा फटका मोठा ठरला. 1868 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या मुळांतून मिळणारा लाल रंग प्रयोगशाळेत बनवला आणि रंगाऱ्याचं कसब स्वस्त झालं. पुढे गिरणीचं आणि यंत्रमागाचं कापड बाजारात आलं, हातमाग एकेक करून थांबले, आणि कुणबी साडी शिगम्याच्या मिरवणुकीतल्या नाचापुरती उरू लागली.

2010 मध्ये गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी हा चौकडा दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये, पुढच्या वसंत-उन्हाळ्याच्या संग्रहात, रॅम्पवर आणला. त्यांनी साडीची लांबी वाढवली, लालबरोबर दुसरे रंगही घेतले. 2012 मध्ये गोव्याच्या पेहरावाच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक आलं, 2014 मध्ये पद्मश्री मिळाली. 2020 मध्ये ते गेले. उत्तर गोव्यातल्या कोलवाळ गावच्या त्यांच्या जुन्या घरात आता पेहरावाचं संग्रहालय आहे. मुलांना घेऊन आवर्जून जावं असं ते ठिकाण आहे. त्यांनी हे कापड मागावर विणून घेतलं, नुसती नक्षी उचलली नाही, हे मला त्यांच्या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

कारण रॅम्पवर गाजलेला नमुना छपाईवाले लगेच उचलतात. छापलेला लाल चौकडा कुणबी नावाने विकला जातो तेव्हा मागावर बसणाऱ्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. खरेदी करताना कापड उलटून पाहावं. विणलेला चौकडा दोन्ही बाजूंनी सारखाच गडद असतो. छापलेला बहुधा मागे फिका पडतो. काठाजवळचं एक सूत ओढून बघितलं तर आणखी खात्री पटते, कारण विणलेल्या कापडातलं लाल सूत टोकापासून टोकापर्यंत लालच निघतं.