त्रिमितीय जैवमुद्रण

जिवंत पेशी आणि त्यांना धरून ठेवणारा जेलसारखा पदार्थ संगणकाने आखून दिलेल्या जागी थरावर थर देत बसवून ऊती घडवण्याचे तंत्र. ‘थ्रीडी बायोप्रिंटिंग’ हे नावही सर्रास वापरले जाते. टायटॅनियमचा जबडा किंवा प्लॅस्टिकचा कृत्रिम हात छापणे हे या तंत्रात मोडत नाही. छापताना शाईतच जिवंत पेशी असणे ही जैवमुद्रणाची खूण. बातम्यांमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते आणि त्यातून रुग्णांच्या मनात अवाजवी आशा निर्माण होतात.

या तंत्राकडे एवढे लक्ष लागण्याचे मुख्य कारण अवयवांची टंचाई. भारतात २०२३ मध्ये १८,३७८ अवयव प्रत्यारोपणे झाली, पण मरणोत्तर दाते होते अवघे १,०९९. म्हणजे बहुतेक अवयव घरातल्याच कुणीतरी जिवंतपणी दिलेले असतात. अवयव मिळाला तरी शरीराने तो नाकारू नये म्हणून रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. रुग्णाच्याच पेशींपासून अवयव तयार झाला, तर दाता शोधण्याची वणवण आणि या औषधांचा भार, दोन्ही टळू शकतील.

अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८४ मध्ये त्रिमितीय मुद्रणाच्या एका पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. जिवंत पेशी छापण्याच्या प्रयत्नांना पुढे वेग आला. २००३ च्या सुमारास क्लेमसन विद्यापीठातील थॉमस बोलंड यांनी कार्यालयात असतो तसा इंकजेट प्रिंटर बदलून घेतला आणि त्यातून शाईऐवजी पेशींचे थेंब सोडले. अमेरिकेतील शल्यचिकित्सक अँथनी अटाला यांच्या चमूने रुग्णांच्याच पेशी वाढवून तयार केलेली मूत्राशये सात तरुण रुग्णांमध्ये बसवल्याचे २००६ मध्ये जाहीर केले. त्यांचे साचे हातांनी तयार केले होते, छापलेले नव्हते. पण प्रयोगशाळेत वाढवलेला पोकळ अवयव माणसाच्या शरीरात टिकू शकतो, हे त्यातून दिसले.

प्रत्यक्ष काम असे चालते. सीटी किंवा एमआरआय प्रतिमांवरून अवयवाचा आराखडा तयार होतो. रुग्णाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून जिलेटिन, कोलॅजेन किंवा समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट यांत मिसळतात. हीच जैवशाई. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत, सोऱ्यातून शेव पडावी तशी ही शाई बारीक तोंडाच्या नळीतून दाबाने बाहेर येते. खरी कसरत तिच्या घट्टपणात असते. शाई पातळ असली तर रचना पसरते, फार घट्ट असली तर जोर वाढवावा लागतो आणि त्या ताणाने नळीतच पेशी मरतात. अल्जिनेट वापरले असेल तर कॅल्शियमच्या द्रावणाने ते लगेच घट्ट होते. कोलॅजेन मात्र इतके मऊ असते की ते स्वतःच्या वजनाने बसते. यावर कार्नेगी मेलन विद्यापीठातील अ‍ॅडम फाइनबर्ग यांच्या गटाने जिलेटिनच्या रवाळ लगद्याच्या आत छपाई करण्याची युक्ती काढली. छापून झाल्यावर तापमान ३७ अंशांवर नेले की लगदा वितळून निघून जातो आणि आतली रचना शाबूत राहते. छापलेली ऊती त्यानंतरही पोषक द्रवात ठेवून काही काळ पोसावी लागते.

आकार छापणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग. घोडे अडते ते रक्तवाहिन्यांपाशी. ऑक्सिजन ऊतीतून झिरपत जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत पोहोचतो. त्यापलीकडच्या पेशींजवळ केशवाहिनी (केसासारखी बारीक रक्तवाहिनी) नसेल तर त्या गुदमरतात आणि जाड तुकडा आतून मरू लागतो. २०१९ मध्ये राइस विद्यापीठातील जॉर्डन मिलर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जेलमध्ये फुप्फुसातील वायुकोशासारखी पोकळी आणि तिच्याभोवती गुंफलेल्या वाहिन्या छापल्या. प्रकाश खालच्या थरांत उतरू नये म्हणून त्यांनी टारट्राझिन हा खाद्यपदार्थांत वापरला जाणारा पिवळा रंग जेलमध्ये घातला होता. पोकळीत हवा भरली-सोडली की वाहिन्यांतून जाणाऱ्या तांबड्या पेशी ऑक्सिजन उचलत. त्याच वर्षी तेल अवीव विद्यापीठात ताल द्वीर यांच्या गटाने माणसाच्या चरबीतील पेशींपासून सशाच्या हृदयाएवढे हृदय छापले. त्यातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण एकत्रितपणे रक्त ढकलू शकत नव्हत्या. आजच्या मर्यादेचे याहून नेमके चित्र सापडणार नाही. मूत्रपिंड तर आणखी अवघड, कारण एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळणी-एकके असतात. २०११ मध्ये अटाला यांनी एका व्याख्यानात मूत्रपिंडाच्या आकाराची छापील रचना दाखवली, तेव्हा खरे मूत्रपिंड तयार झाल्याच्या बातम्या पसरल्या. तो केवळ नमुना होता.

म्हणून पहिले यश पातळ किंवा कमी रक्त लागणाऱ्या ऊतींत येत आहे. डोळ्याच्या पारपटलात (कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) रक्तवाहिन्या नसतात, मध्यभागी त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि बराचसा ऑक्सिजन ते थेट हवेतून घेते. हैदराबादमधील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी (पेशी व रेणूजीवशास्त्र संशोधन केंद्र) या संस्थांनी मिळून मानवी पारपटलातील ऊतीच्या पेशी काढून उरलेल्या द्रव्यापासून जैवशाई केली, तिच्यात मूलपेशी (इतर प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या पेशी) घातल्या आणि छापलेले पारपटल सशाच्या डोळ्यात बसवले. हे काम ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाले. प्रत्यारोपणास न चालणारे दान केलेले डोळेही यामुळे कामी येऊ शकतात, ही मला त्यातली फार मोलाची बाजू वाटते. त्याच वर्षी अमेरिकेत जन्मतः अविकसित कान असलेल्या एका तरुणीला तिच्याच कूर्चेच्या (कानातल्या लवचिक ऊतीच्या) पेशींपासून छापलेला बाह्यकर्ण बसवण्यात आला.

औषधचाचणीत मात्र या तंत्राचा उपयोग सुरू झालेला आहे. नवे औषध यकृताला घातक आहे का, हे छापलेल्या यकृत-ऊतीवर पाहता येते. बंगळूरच्या पँडोरम टेक्नॉलॉजीज या कंपनीने अशी ऊती २०१५ मध्ये तयार केली. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलला आणि मानवी चाचण्यांपूर्वी प्राण्यांऐवजी पेशींवर आधारित पद्धतींचे पुरावेही ग्राह्य ठरले.

भारतीय कायद्याच्या दृष्टीनेही हा विषय नवा आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा दाता आणि ग्रहीता यांना समोर ठेवून लिहिला गेला आणि त्यात अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. छापलेला अवयव मात्र कारखान्यात तयार होईल, त्याला किंमत असेल आणि त्याचा दर्जा तपासावा लागेल. मूलपेशींपासून बनवलेली उत्पादने २०१९ च्या नियमांनुसार ‘नवे औषध’ या वर्गात येतात, त्यामुळे छापील ऊतींचा मार्गही बहुधा औषध नियंत्रकांकडूनच जाईल. त्यांची किंमत कोण ठरवणार आणि सरकारी रुग्णालयात डायलिसिसवर असलेल्या माणसाला ती परवडणार का, हे आत्ताच ठरवायला घ्यायला हवे.